तीन गोळ्यांचा हूक

हार्लन प्रुइटनं चौतीस वर्षं हॅकबेरी फ्लॅटच्या लोकांना औषधं दिली. बाटलीवरची चिठ्ठी आधी स्वतः दोनदा वाचायची, मग चष्म्यावरून बघत गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि शेवटी गिऱ्हाइकाकडूनही एकदा वाचून घ्यायची, अशी त्याची शिस्त. त्यामुळे गावात चुकीच्या औषधानं कुणी दगावलं नाही, आणि त्याच्या दुकानात कुणी हौसेनं गेलंही नाही. सर्दीचं औषध घ्यायला गेलेला माणूस परीक्षेला बसून आल्यासारखा बाहेर यायचा.

जानेवारीत त्यानं दुकान विकलं आणि आठच दिवसांत पिकअप घेतला. साधासुधा नव्हे. मागच्या बाजूला दोन्हीकडे दोन-दोन चाकं, आत चढायला पायरी आणि सुरू केला की शेजारणीच्या कपाटातल्या बशा वाजायच्या. टेक्सासच्या त्या वरच्या टोकाला, जिथं झाडापेक्षा पिकअप जास्त, तिथं या माणसानं आयुष्यभर मळक्या दुधी रंगाची छोटी मोटार चालवली होती. ती कसर त्यानं एका दमात भरून काढली.

त्याचं खरं कारण ओलेटा, त्याची बायको. एकोणसाठ वर्षांची. मैदानात तीन पिंपं मांडायची आणि घोड्यावरून त्यांना वळसे घालत सुसाट परत यायचं, ही शर्यत ती लग्नाआधीपासून पळत आलेली. शर्यती नेमक्या शनिवारी, आणि दुकान शनिवारी उघडं. म्हणून चौतीस वर्षांत हार्लननं तिला एकदाही पळताना पाहिलं नव्हतं. तिला आणि तिच्या घोडीला न्यायची ती मैत्रीण वेल्मा ट्रॅमेल, आपल्या गंजक्या पिकअपमागे घोडे न्यायचा ट्रेलर जोडून. आदल्या डिसेंबरात ओलेटा पन्नाशीपुढच्या बायकांच्या अंतिम फेरीत पोचली, तीही पहिल्यांदाच. फेरी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, ॲमरिलोला. नाताळच्या जेवणात हार्लननं जाहीर केलं, "या वेळी तुला मी नेणार. आणि अगदी पुढं, कठड्याला टेकून बघणार."

ओलेटानं काटा खाली ठेवला. "शपथ?"

"शपथ."

त्या रात्री भांडी घासताना ती गुणगुणत होती आणि ते हार्लननं ऐकलं होतं.

पिकअप आला. दोन घोड्यांचा जुना ट्रेलरही आला आणि स्वयंपाकघरामागे, मोजून चाळीस पावलांवर उभा राहिला. दोघांना जोडणारा हूक तेवढा घ्यायचा राहिला होता. एका सकाळचं काम.

तर त्या सकाळी हार्लन गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात गेला. दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल आहे. रोज सहाला तिथं डब सॅटरव्हाइट, रॉयस टनेल आणि बस्टर निकेल कॉफी पीत बसतात आणि पाऊस, गुरं आणि सरकार यांचा निकाल लावून आठाला उठतात. हार्लन इतकी वर्षं कुत्र्याचं खाणं घ्यायला तिथं जायचा. "काय हार्लन" यापलीकडे त्याच्या वाट्याला काही आलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं गल्ल्यावरच्या बाईला सहज विचारलं, "एवढ्या मोठ्या पिकअपला हूक कोणता लावतात हो?"

डबनं मान न वळवता बुटाच्या टोकानं एक रिकामी खुर्ची पुढं ढकलली.

त्या खुर्चीनं हार्लनचं वाटोळं केलं.

"बस," डब म्हणाला. "कोणता हूक हा प्रश्न उभ्यानं विचारायचा नसतो."

डबच्या मते हूक म्हणजे एकसंध घडवलेलं पोलाद, त्यावर एक गोळा, बस. त्याच्या बापानं एका हुकावर तीन पिकअप झिजवले होते. रॉयसनं नाक मुरडलं. याचा पिकअप एवढा उंच, ट्रेलर एवढा ठेंगणा, म्हणजे हूक वर-खाली सरकणाराच हवा, नाहीतर घोडी सगळा रस्ता डोंगर चढत जाईल. बस्टरला दोघांची कीव आली. हूक मुळात मागं लावायचाच कशाला? पिकअपच्या हौद्यात, मधोमध भोक पाडून बसवायचा. त्याशिवाय त्याला ओढणं म्हणत नाहीत.

"पण माझा ट्रेलर दोनच घोड्यांचा आहे," हार्लन म्हणाला. "आणि घोडी एकच."

"आज एक घोडी आहे," बस्टर गंभीरपणे म्हणाला. "उद्याचं काय? उद्या तुला घर ओढायचं झालं तर?"

उद्या घर ओढायचं होईल असं हार्लनला कधी वाटलं नव्हतं. पण हा विचार आपल्याला सुचला नाही याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो पावणेसहालाच हजर. तिसऱ्या दिवशी त्याच्या कॉफीचा मग खिळ्यावर टांगला गेला. आठवड्याभरात तो 'वीस हजार पौंड' हे शब्द असे उच्चारू लागला जसा काही रोज संध्याकाळी तेवढं वजन ओढून येतो. घोडीचं वजन अकराशे. पण घोडीचं वजन त्या टेबलावर कुणी विचारत नव्हतं.

त्या टेबलाचा एक अलिखित नियम होता. सगळेच नियम अलिखित, कारण छापलेलं काही वाचणं हाच तिथं कमीपणा. खोक्यावरची माहिती वाचायची ती डॅलसच्या लोकांनी. हाताला कळतं ते डोळ्यानं कशाला बघायचं? एकदा बस्टरनं नमुना म्हणून एक हूक आणला, तेव्हा हार्लननं सवयीनं चष्मा लावला आणि खोक्याची बारीक अक्षरं वाचू लागला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय रे," रॉयस म्हणाला, "उद्या पेपर आहे का?"

हार्लननं चष्मा काढून खिशात टाकला. पुन्हा काही तो तिथं बाहेर आला नाही.

मध्ये एकदा तो शेजारच्या मोठ्या गावातल्या सुट्या भागांच्या दुकानातही जाऊन आला. तिथल्या बाईनं पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या ट्रेलरची वाटी किती इंची?" म्हणजे ट्रेलरच्या तोंडाशी असते ती लोखंडी वाटी, जी हुकाच्या गोळ्यावर बसते. हार्लनला माहीत नव्हतं. "मोठी आहे चांगली," तो म्हणाला.

"वाटीवरच माप उठवलेलं असतं. घरी जाऊन वाचा आणि फोन करा, एका मिनिटात देते."

एका मिनिटात! तीन अनुभवी माणसं दोन आठवडे डोकं झिजवतायत आणि ही बाई म्हणते एका मिनिटात. टेबलावर त्यानं हे सांगितलं तेव्हा डब इतका हसला की कॉफी नाकात गेली. हार्लनही हसला. आपण यांच्यासारखं हसतोय हे त्याला जाणवलं आणि फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर हूक एकदा घेतला की खुर्ची जाईल, ही भीती त्याला लागली होती. चौतीस वर्षं ज्यांनी त्याला फक्त चिठ्ठीवाला समजलं ते आता त्याच्या खांद्यावर थाप मारत होते. कुणाला सोडवेल?

घरी ओलेटा रोज विचारायची, "झालं का?"

"ठरतंय."

"मी बघू का जरा?"

"तुला नाही कळायचं. त्यात बरंच असतं."

ओलेटा चाळीस वर्षं ट्रेलरच्या आसपास वावरलेली बाई. ती फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं"ला जी धार होती ती टेबलावरच्या कुणाही माणसाला कळली असती, पण हार्लन घाईत होता.

शर्यतीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी निकाल लागला. एकमत होईना, तेव्हा बस्टरनंच तोडगा काढला: एकाच दांड्यावर तीन मापांचे तीन गोळे असलेला हूक. पिन काढायची, फिरवायचा, हवा तो गोळा वर घ्यायचा.

"तिन्ही मापं आली की नाही?" बस्टर म्हणाला. "आता चुकायला जागाच कुठं आहे?"

चार मग उंचावले गेले. चौथा हार्लनचा होता.

शनिवारी सकाळी दहाला निघायचं होतं, शर्यत तीनला. नऊ वाजताच तिघं जण घडीच्या खुर्च्या घेऊन हार्लनच्या अंगणात येऊन बसले. हूक त्यांच्या सल्ल्याचा होता, पहिल्यांदा जोडला जाताना हजर राहणं त्यांचं कर्तव्यच. पाठोपाठ वेल्मा आली. तिच्या पिकअपमागं चार घोड्यांचा ट्रेलर आणि त्यात तिचा एकच घोडा.

"मी जाता जाता थांबलेय," खिडकीतून डोकं काढून ती म्हणाली. "इंजिन बंद करत नाही. उगीच आपलं."

"काही गरज नाही," हार्लन म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. उगीच."

पिकअप उलटा घेताना तिघांनी तीन दिशांना हात केले. डब उजवीकडे बोलवत होता, रॉयस डावीकडे, आणि बस्टर नुसताच पंजा दाखवत होता, ज्याचा अर्थ थांब की पाच फूट हे त्यालाच ठाऊक. अकराव्या खेपेला गोळा वाटीखाली आला. वेल्मानं टाळी वाजवली. ती एकटीच.

"कोणता गोळा घेऊ?" हार्लननं विचारलं.

"मधला," डब म्हणाला. "घोड्याला मधलाच. माझ्या बापापासून."

रॉयस आणि बस्टर यांनी माना डोलावल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा एकमत झालं होतं. हार्लननं मधला गोळा वर केला, वाटी खाली सोडली, खटका दाबला. खट्ट. साखळ्या अडकवल्या. हात झटकले. "बसला!" तिघं एका सुरात म्हणाले, आणि हार्लन प्रुइट त्या क्षणी हॅकबेरी फ्लॅटमधला सर्वांत सुखी माणूस होता.

ओलेटा घोडीला घेऊन आली. बिस्किट तिचं नाव. तांबूस, नाजूक कानांची, पावलं वाजवत चालणारी. ओलेटानं दोरी खाली उतरलेल्या वेल्माच्या हातात दिली, ट्रेलरच्या पुढच्या बाजूला वाकली आणि ट्रेलरचं तोंड वर उचलणाऱ्या तिथल्या जॅकचा दांडा फिरवायला लागली.

"हे काय करतेस?" हार्लन म्हणाला. "बसलाय तो."

"बसला असेल तर वाटी पिकअपला घेऊनच वर येईल."

"अगं बाई, तिघं माणसं सांगतायत बसलाय म्हणून," डब म्हणाला. "उशीर करू नकोस."

ओलेटा फिरवत राहिली. वाटी वर यायला लागली. पिकअप केसभरही हलला नाही. खटका लावलेला तसाच होता, आणि वाटी बाटलीचं झाकण निघावं तशी अलगद गोळ्यावरून निघून आली. साखळ्या लोंबत राहिल्या.

वेल्माच्या इंजिनाचा तेवढा आवाज येत होता.

ओलेटानं अंगठ्यानं वाटीवरचा चिखल पुसला. "वाच."

हार्लननं खिशातून चष्मा काढून लावला. "दोन आणि पाच सोळांश इंच," त्यानं वाचलं.

"आता गोळ्यावर."

"दोन."

"चाळीस पावलांवर उभा होता ट्रेलर," ओलेटा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "गावाला खोकल्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या पाठ करायला लावल्यास तू. घोडीला वाचता येत नाही, हार्लन. तिच्या वतीनं कुणीतरी वाचायला हवं होतं."

"मी म्हणणारच होतो," रॉयस पुटपुटला.

"मला तो गोळा बारीकच वाटला होता," बस्टर म्हणाला.

डब खाली वाकून बघत होता. "जॅकच चुकीचा आहे हा," तो म्हणाला. "असला जॅक असेल तर काहीही निघून येईल." आणि तिघं जॅककडे वळले. जॅक बाजूनं फिरवायचा असावा की वरून, यावर लगेच दोन पक्ष पडले.

हार्लनच्या डोळ्यांपुढं गावाबाहेरचं रेल्वेचं फाटक आलं. तिथं रस्ता उंचावतो आणि धाडकन खाली जातो. पहिला हिसका तिथंच बसला असता. मागचा ट्रेलर आणि त्यात बिस्किट. "मी मारली असती तिला," तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांदेखत.

योग्य माप त्याच हुकावर होतं, खालच्या बाजूला. पिन काढायची आणि फिरवायचा, एका मिनिटाचं काम. त्यानं पिनेला हात घातलाही. मग सोडला.

"वेल्माच्या ट्रेलरमध्ये चढव तिला," तो म्हणाला.

ओलेटा नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. तिनं घोडी वेल्माकडे चढवली, दार लावलं, कडी दोनदा ओढून पाहिली.

"बघायला तरी येशील ना?" ओलेटानं वेल्माच्या पिकअपमध्ये बसता बसता विचारलं.

"शपथ."

"शपथ राहू दे. नुसता ये."

"चल रे हार्लन, कॉफी घेऊ," डबनं खुर्ची मिटली. "होतं असं. जॅकचं काय करायचं ते बघू." माणूस मनानं वाईट नव्हता. पण हार्लन पिकअपमध्ये चढला आणि निघाला. एकशे दहा मैल तो गावातलं सगळ्यांत दांडगं वाहन रिकामंच घेऊन वेल्माच्या मागं चालवत होता, आणि सबंध रस्ता ट्रेलरच्या अर्ध्या दारावरून बिस्किटची शेपटी वाऱ्यावर उडताना बघत होता. नेणं हुकलं ते हुकलं. बघणं तरी आपल्या हातात आहे, असं तो स्वतःला बजावत राहिला.

ॲमरिलोला तो कधीचा येऊन मैदानाच्या कठड्याला चिकटून उभा होता. कोपरं टेकलेली, टोपी मागं सारलेली. ओलेटाचा नंबर अकरावा. नऊ झाले. दहावी बाई दुसऱ्या पिंपाला धडकली आणि ते उभं करायला माणसं धावली.

"साहेब," बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं.

नवीकोरी टोपी घातलेला, मऊ हातांचा, चाळिशीतला माणूस. शाळेत संगीत शिकवतो म्हणाला. "बाहेर तो मोठा पिकअप उभा आहे, तीन गोळ्यांचा हूक असलेला, तो तुमचाच ना? उतरताना पाहिलं मी तुम्हाला. नाही, म्हणजे, मी महिनाभर हूक ठरवतोय हो. आमच्याकडचे लोक नीट सांगतच नाहीत. तुमच्यासारखं जाणकार माणूस भेटलं म्हटल्यावर..."

जाणकार. आयुष्यात हार्लनला कुणी औषधाखेरीज कशाला जाणकार म्हटलं नव्हतं.

"काय ओढायचंय?" त्यानं विचारलं. एवढंच विचारणार होता तो.

"नाव. छोटीशी."

"छोटी आज आहे," हार्लन म्हणाला, आणि बोलायला सोयीचं म्हणून कठड्याला पाठ टेकवून वळला. "उद्याचं काय? हे बघा, त्यात बरंच असतं. लोक आधी ताकद बघतात. वीस हजार पौंड. पण मी तुम्हाला सांगतो..."

कर्ण्यातून काहीतरी घोषणा झाली. लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या, पायांखालची फळी थरथरली. शिक्षक एकटक त्याच्याकडे बघत होता, मान हलवत. हार्लननं एक बोट वर केलं, "आणि दुसरं म्हणजे," आणि तेव्हा त्याच्या मागून टापांचा आवाज गेला.

तो गर्रकन वळला. धूळ होती. तीन पिंपं जागच्या जागी उभी होती. पलीकडच्या दारातून तांबूस शेपटीचं टोक बाहेर पडताना दिसलं. फलकावर आकडे लागले: सतरा पूर्णांक चार सेकंद, आणि शेजारी प्रुइट. आतापर्यंतची दुसरी.

सतरा सेकंद. चौतीस वर्षं आणि एकशे दहा मैल.

तो धावतच मागच्या बाजूला गेला. ओलेटा घोडीवरून उतरत होती. तोंड धुळीनं माखलेलं, टोपी कुठंतरी पडलेली, आणि ती हसत होती. इतकं हसताना त्यानं तिला लग्नाच्या दिवशी पाहिलं असेल नसेल.

"पाहिलंस?" तिला धाप लागली होती. "शेवटचं वळण पाहिलंस? पिंपाला माझा गुडघा घासला, पण हललं नाही ते! पाहिलंस ना?"

सांगायला सोपं होतं. फलकावरचा आकडा तो आताच वाचून आला होता. काय झालं तेही तिनंच सांगून टाकलं होतं. एक 'हो' म्हटलं की झालं.

"नाही," हार्लन म्हणाला. "एका माणसाला हूक समजावत होतो."

ओलेटाचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू उतरत गेलं आणि ते उतरताना मात्र त्यानं पूर्ण पाहिलं. मग तिनं घोडीची दोरी त्याच्या हातात दिली.

"फिरव तिला," ती म्हणाली. "वीस मिनिटं. घाम सुकेपर्यंत. आणि कुणाशीही बोलू नकोस."

ती वेल्माकडे निघून गेली. हार्लन बिस्किटला घेऊन कुंपणाच्या कडेनं चालायला लागला. घोडीच्या अंगातून वाफ निघत होती आणि तिची मान त्याच्या खांद्याला लागत होती. तिसऱ्या फेरीला नवी टोपी घातलेला माणूस लगबगीनं येताना दिसला.

"साहेब! तुमचं ते दुसरं राहिलं हो. दुसरं म्हणजे काय?"

हार्लन घोडीच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि चालत राहिला.